भांगाची भरती

मराठीच्या प्राध्यापकाने गुहेत शिरू नये. आमची मजल काव्यातल्या गुहेपर्यंत. तिथे वटवाघळे नसतात आणि गुडघेही सोलवटत नाहीत. तरीही गेल्या चैत्रात मी एका गुहेत दोन वेळा गेलो, आणि दुसऱ्या वेळी तर परीक्षेच्या पर्यवेक्षणातून रजा काढून गेलो. आमच्या प्राचार्यांना मी कारण लिहिले ते 'कौटुंबिक' असे. ते खरेच होते.

सुरुवात झाली ती आमच्या प्राध्यापक-कक्षात. इतिहासाचे एक सहकारी जिब्राल्टरला जाऊन आले होते. चहा येईपर्यंत त्यांनी भ्रमणध्वनीवरची सव्वाशे छायाचित्रे आम्हाला दाखविली. तिथला सबंध डोंगर चुनखडीचा. पाण्याने चुनखडी विरघळत विरघळत आत दालनेच्या दालने तयार झालेली. त्यांतल्या सेंट मायकेल नावाच्या गुहेत दुसऱ्या महायुद्धात आणीबाणीचे इस्पितळ सज्ज करून ठेवले होते म्हणे. ते वापरायची वेळ मात्र आली नाही. आता तिथे गाण्याचे जलसे होतात. मग सहकारी जपानकडे वळले. ओकिनावा बेटावरच्या चुनखडीच्या गुहा, १९४५ सालची लढाई, तिथे आश्रयाला गेलेली आणि पुन्हा बाहेर न आलेली माणसे. ते सांगू लागले तसा कक्ष गप्प झाला. आणि त्या शांततेत माझ्या तोंडून निघून गेले, "आमच्याकडेही आहे एक. युद्धातली गुहा. आरे-वाऱ्याला."

"आरे-वारे? गणपतीपुळ्याच्या वाटेवरचं? तिथे कुठलं युद्ध?"

मी चहात बिस्किट बुडवले आणि विषय बदलला. पण वाक्य निघून गेले ते गेलेच. आमच्या घराण्यात असे तोंडून निघून गेलेले एक वाक्य ऐंशी वर्षांहून अधिक काळ फिरते आहे. त्याचीच ही हकिगत.

गणपतीपुळ्याला किनाऱ्याकिनाऱ्याने गेलेल्यांनी आरे-वारे पाहिलेच असेल. रत्नागिरीहून निघाले की साखरतर, काळबादेवी अशी गावे मागे पडतात, रस्ता एका डोंगराच्या अंगावर चढतो, आणि एका वळणावर खाली दोन किनारे एकदम दिसतात. एक अलीकडे, एक पलीकडे, मधे डोंगराचे नाक समुद्रात घुसलेले. सुरूची बने, पांढरीशुभ्र वाळू. आता त्या वळणावर गाड्यांची रांग असते आणि जो तो पाठ समुद्राकडे करून स्वतःची छबी काढीत असतो. निसर्गाकडे पाठ फिरवून निसर्ग पाहण्याची ही नवी रीत मला अजून साधलेली नाही.

त्या नाकाच्या पायथ्याशी, लाटांनी पोखरलेली एक घळ आहे. गुहा हा शब्द तिला मी सहकाऱ्यांपुढे वापरला, तो मोठेपणासाठी. चुनखडीचा तर तिच्याशी काही संबंध नाही. आमच्या कोकणात वर तांबडा जांभा आणि खाली काळा कातळ. चुनखडीचा डोंगर देवाने आम्हाला दिला नाही, म्हणून आमच्या पूर्वजांनी किनाऱ्यावरचे शिंपले गोळा करून भट्टीत भाजले आणि चुना केला. शिंपल्यांच्या चुन्यात कोकणातल्या घरांच्या भिंती उभ्या राहिल्या. जिब्राल्टरकरांनी डोंगर पोखरला, आम्ही शिंपले वेचले. ज्याची त्याची ऐपत.

त्या घळीला आमच्या घरात 'रेडची घळ' म्हणत. हे नाव गावात कोणालाही ठाऊक नाही. ते माझ्या थोरल्या आत्याने ठेवले.

आत्या आता नव्वदीच्या पुढे आहे. ती जन्मली आणि पहिली आठ वर्षे वाढली गिरगावातल्या चाळीत. आजोबा, म्हणजे आबा, बंदरावर टॅली-क्लार्क होते. बोटीतून किती पेट्या उतरल्या, किती गासड्या चढल्या, हे धक्क्यावर उभे राहून मोजायचे आणि कागदावर रेघा मारायच्या. चार उभ्या, एक आडवी. १९४१च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला. मार्चात रंगून पडले. एप्रिलच्या ५ तारखेला कोलंबोवर बॉम्ब पडले, दुसऱ्या दिवशी विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर. आता पाळी मुंबईची, असे जो तो म्हणू लागला आणि ज्यांचे कोकणात घर होते त्यांनी बायकामुले बोटीत बसवली. आजी आणि आत्या अशाच आल्या. रत्नागिरीला समुद्रातच पडावात उतरल्या, तर ओलांडून, पायी वाऱ्याला. आबा मुंबईत राहिले. "महिना-दोन महिन्यांचा प्रश्न आहे," असे म्हणाले होते.

दोन महिन्यांचे दोन वर्षे झाले. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, रॉकेल मिळेना, वरकस जमिनीतल्या नाचणीवर दिवस निघू लागले. आबा शिमग्याला नाहीतर गणपतीला चार दिवस येत. पण आत्याला त्या दिवसांत गावात मोठा मान होता. तिने मुंबईत भोंगा ऐकला होता! खिडक्यांच्या काचांना चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या, दिव्यांवर काळी फडकी, जिन्याखाली रचलेल्या वाळूच्या पिशव्या हे सगळे तिने डोळ्यांनी पाहिले होते. तिने गावातल्या पोरांची एक फौज केली. ती तोंडाने भोंगा वाजवी आणि मग सगळ्यांनी धावत सुटायचे ते थेट घळीत. जो मागे राहील तो मेला. ही 'रेड' ओहोटीच्या वेळी व्हायची, कारण उधाणाच्या भरतीला घळ पाण्याने भरून जाई आणि आतून तोफेसारखा आवाज येई.

तो आवाज ध्यानात ठेवा. पुढे सारे त्याच्यावरच आहे.

१९४४ सालच्या एप्रिलची १४ तारीख, शुक्रवार. आत्या अकरा वर्षांची. त्या दिवशी ती दुपारनंतर एकटीच घळीत जाऊन बसली होती. आजीला दिवस गेले होते, तिची चिडचिड चाले, आणि घरात अकरा वर्षांच्या मुलीला बसायला घळीइतकी गार जागा नव्हती. उन्हे कलत होती. आणि आत्याच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा तो आवाज झाला. मोठा नव्हे. "गुम्म" असा. कानात दडे बसल्यासारखे झाले, आणि कातळावर बसलेल्या कुर्ल्या एकदम फटीत शिरल्या. ती उठली, धावत घरी गेली आणि पडवीत तांदूळ निवडणाऱ्या आजीला म्हणाली, "आई, मुंबईत काहीतरी फुटलं. आबा तिथे आहेत."

आजीने तिच्या थोबाडीत मारली. तिने आत्यावर हात उगारला तो त्या एकाच वेळी.

मुंबईत त्या दिवशी काय झाले ते आता सर्वांना ठाऊक आहे. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' नावाची बोट उभी होती. तिच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, त्याच्याच शेजारी कराचीहून चढवलेला कापूस, आणि सोन्याच्या विटा. दुपारी कापसातून धूर दिसला. बंबवाले पाणी मारीत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेजारच्या बोटी बुडाल्या, गोदामे जळाली, पार मांडवीपर्यंतची वस्ती उद्ध्वस्त झाली. धक्क्याची नोंद पार दूरच्या सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटली. किती माणसे गेली? कोणी आठशे सांगतात, कोणी तेराशे. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, हा एकच आकडा पक्का, कारण त्यांची हजेरी लावलेली होती. म्हणून आजही १४ एप्रिल हा दिवस देशभर त्यांच्या नावाने पाळतात. टॅली-क्लार्कांची, हमालांची, चहावाल्या पोरांची मोजदाद कोण करणार? मोजणाराच गेला तर मोजायचे कोणी?

सोन्याच्या विटा मात्र पुढे कैक वर्षे गोदीच्या गाळातून निघत राहिल्या. त्या कोणाच्या, हे सांगायला कागदपत्र होते.

वाऱ्याला यातले काही कळले नाही. युद्धाचे दिवस. दुसऱ्याच दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगावच्या नभोवाणीने बातमी फोडली म्हणतात. पण इथल्या वृत्तपत्रांना सविस्तर छापण्याची परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. आणि वाऱ्याला रेडिओ होता कोणाकडे? बातमी आली ती खलाशांच्या तोंडून, आठ-दहा दिवसांनी, कुजबुजत. आजी पडवीत उभी होती. खलाशी सांगत होता आणि आजी त्याच्याकडे बघत नव्हती, ती आत्याकडे बघत होती. आत्या म्हणते, "थोबाडीत मारलेलं मी केव्हाच विसरले. ते बघणं नाही विसरले."

आबांचे पत्र आले नाही. खोलीतल्या सोबत्याचे आले, की शुक्रवारी सकाळी डबा घेऊन गेले ते परत आले नाहीत, इस्पितळे पाहिली. पुढे कधीतरी थकलेल्या पगाराची मनिऑर्डर आली. देह नाही, वस्तू नाही, पाहिलेला माणूस नाही.

आमच्या लोकांत अशा वेळी बारा वर्षे वाट पाहायची रीत होती. आजीने पाहिली. श्रावणात माझे वडील जन्मले. शाळेत नाव घालताना मास्तरांनी "वडील हयात?" असे विचारले, तेव्हा आजीने "होय" असे लिहायला लावले. बारा वर्षे तिने कुंकू लावले, लहानसे, दिसेल न दिसेल असे. हळदीकुंकवाला मात्र ती कोणाकडे गेली नाही आणि कोणी तिला बोलावलेही नाही. १९५६ साली पळसाच्या पानांचा पुतळा करून तो जाळला, दहा दिवस सुतक पाळले आणि आजीने कपाळ पुसले. वडील तेव्हा बारा वर्षांचे होते. पानांच्या माणसाला अग्नी दिल्याचे त्यांना शेवटपर्यंत आठवे. त्याविषयी ते एवढेच बोलत, की पाने ओली होती, लवकर पेटत नव्हती.

आणि आत्या त्या घरात काळ्या जिभेची ठरली. उघडपणे कोणी तसे म्हटले नाही. पण ती "आभाळ भरून आलंय" म्हणाली तरी आजी "गप्प बस" म्हणे. कोणी आजारी पडले की आत्याला दुसऱ्या खोलीत काम निघे. कोणी गावाला निघाले की ती आपण होऊनच माजघरात जाई, म्हणजे तिच्या तोंडून काही निघायला नको. तिचे लग्न जमले नाही. त्याला तेच एक कारण असे मी म्हणणार नाही, हुंडाही नव्हताच. ती शिकली, प्राथमिक शिक्षिका झाली आणि पस्तीस वर्षे तिने रत्नागिरी तालुक्यातल्या पोरांना बाराखडी शिकवली. "घरी बोलायला बंदी होती, म्हणून बोलायचा पगार देणारी नोकरी धरली," असे ती हसत सांगते. तिच्या हसण्यावर मी लहानपणी फसत असे.

मी वाढलो पुण्यात. घळीची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. थोडी वडिलांकडून, थोडी खुद्द आत्याकडून. पुढे मी कॉलेजात असताना मला तारुण्यसुलभ शहाणपण सुचले, की आवाज मुंबईचा नव्हताच, तो घळीचाच असणार. भरतीला ती वाजतेच! हे सिद्ध करता आले तर? तर आत्या भविष्य बोलली नाही, काही अभद्र बोलली नाही. एका घाबरलेल्या मुलीने लाटेचा आवाज ऐकला आणि योगायोगाने तोच दिवस निघाला, एवढेच उरते. पण सुचलेले शहाणपण तसेच राहिले. नोकरी, लग्न, मुलगी, पीएच.डी. न होणे, अशी पंचवीस वर्षे मधे गेली. प्राध्यापक-कक्षात ते वाक्य निसटले तेव्हा मात्र रात्री झोप लागेना. आत्या किती दिवसांची सोबती?

मी ग्रंथालयात जाऊन जुने पंचांग काढले. हनुमान जयंती झाल्यावर सहावा दिवस. म्हणजे चैत्र वद्य षष्ठी-सप्तमीचा सांधा. आता आमच्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही माणसाला ठाऊक असलेला हिशेब असा, की तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. सहाची पाऊणपट साडेचार. साताची सव्वापाच. आणि स्फोट चार वाजून सहा मिनिटांनी! म्हणजे आत्या घळीत बसली होती तेव्हा पाणी चढत होते. मी पंचांग मिटले आणि ग्रंथपालांना कारण नसताना चहा पाजला.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. पण प्रत्यक्ष ऐकून यावे आणि मग आत्याला सांगावे, असे मनाने घेतले. सौभाग्यवतींनाही कोकण हवेच होते आणि आमच्या मनूची शाळेची परीक्षा संपली होती. हनुमान जयंतीला आम्ही रत्नागिरीत आत्याच्या दोन खोल्यांत दाखल झालो.

पौर्णिमेची भरती दुपारी साडेअकरा-बाराची. टोकावरच्या कातळावर आम्ही तिघे जीव मुठीत धरून बसलो. घळीत उतरण्याचा प्रश्नच नव्हता. खाली हिरवे पाणी उकळत होते. लाट आत शिरे, क्षणभर काहीच नसे, आणि मग कातळाच्या आतून, आपल्या बैठकीखालून तो आवाज येई. आधी तो पोटाला कळे आणि मग कानाला. तुषारांचा फवारा दोन पुरुष उंच उडे. मनूने दोन्ही कान झाकून घेतले आणि आनंदाने किंकाळी फोडली. मी तर जिंकलोच होतो. "ऐकलंस? हाच तो आवाज!" असे मी तीन वेळा म्हणालो. पत्नी म्हणाली, "ऐकलं. पण तो दिवस पौर्णिमेचा नव्हता ना?"

पदवीधर बायको करू नये असे जुने लोक म्हणत, ते अगदीच निराधार नव्हते.

मधले दिवस आम्ही इतरांसारखे घालवले. थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवले, तो १९१६ साली इथेच वारला. युद्धात हरवलेली माणसे आमच्या गावी पूर्वीपासूनच येत आली आहेत. एका संध्याकाळी भगवतीचा किल्ला, म्हणजे रत्नदुर्ग, चढलो. तीन बाजूंनी समुद्र, टोकाला दीपगृह. १६७० साली महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला, पुढे तो आंग्र्यांकडे होता, १८१८ साली इंग्रजांकडे गेला. त्या किल्ल्यात एक भुयार आहे, ते खाली समुद्राच्या गुहेत निघते असे सांगतात. मनू भुयाराच्या तोंडाशी बराच वेळ कान देऊन उभी राहिली. "काय ऐकतेस?" म्हटले, तर म्हणाली, "वाजतंय का बघते." अकरा वर्षांचे माणूस फार पटकन एखाद्या गोष्टीच्या नादी लागते.

पत्नीला रजा नव्हती, ती पुण्याला परतली. वद्य सप्तमीला मी आणि मनू पुन्हा वाऱ्याला गेलो. निघताना आत्या दारात कडीला धरून उभी होती. आम्ही कुठे निघालो ते मी तिला सांगितले होते. का, ते सांगितले नव्हते. पण पस्तीस वर्षे पोरांच्या कोऱ्या पाट्या वाचलेली ती बाई. "जपून," एवढेच म्हणाली आणि सवयीने आत वळली.

वाळूवर एक म्हातारा रापणीची दोरी सोडवीत बसला होता. त्याला मी पाण्याची वेळ विचारली. "पाच-सव्वापाच," तो म्हणाला. मग माझ्याकडे, मनूकडे आणि नाकाकडे पाहून म्हणाला, "घळ ऐकूक निघालाव काय? आज काय नाय ऐकू यायचा. भांग हाय."

हा शब्द मला ठाऊक होता. शब्दकोशात ठाऊक होता! पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण येते, अष्टमीच्या आसपास तो मलूल असतो; पाणी फार वर चढत नाही, फार खाली उतरत नाही. त्याला भांग म्हणतात. भरतीची वेळ मी पाऊणपट करून काढली, पण ती भरती केवढी असेल हे पाहायला विसरलो. आम्हा प्राध्यापकांचे हे असे असते. तारीख बरोबर, पान बरोबर, अर्थ चुकलेला.

तरी आम्ही गेलो. साडेचार वाजता घळीच्या तोंडातून आत शिरलो. आत वीस-पंचवीस पावले असतील. गार होते. भिंतींना कालवांचे थर, फटींतून कुर्ल्यांचे डोळे, कोपऱ्यात तुटकी निळी जाळी आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या. मी रुमाल पसरून बसलो. मनूही शेजारी बसली आणि पोरांना सहसा जमत नाही इतकी गप्प राहिली. पाणी तोंडाबाहेरच्या धोंड्यांपर्यंत येई, जीभ लावी आणि मागे सरे. पाच वाजले. सव्वापाच. साडेपाच. घळीत शिरले ते फक्त तिरपे ऊन. इतके शांत होते की मनूच्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती.

म्हणजे त्या शुक्रवारी, या तिथीला, या वेळी, घळ वाजली नव्हती. मग आत्याने ऐकले ते काय?

मुंबई तिथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरांहून अधिक. आवाजाला यायला दहा-अकरा मिनिटे. क्राकाटोआ ज्वालामुखीचा १८८३ सालचा स्फोट हजारो किलोमीटरांवर ऐकू आला होता, हे मी वाचले आहे. नंतर आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापिकांना विचारले, तर त्या म्हणाल्या, "अशक्य आहे असं म्हणणार नाही, आणि शक्य आहे असं लिहूनही देणार नाही." पण हे नंतरचे. त्या वेळी घळीत बसून मी एकच विचार करीत होतो, की आत्याला काय सांगायचे? लाटेचाच आवाज होता, असे सांगायला मी आलो होतो. आता जे हाती आले होते ते नेमके उलटे होते. ते तिला नेऊन द्यायचे? या वयात?

परतीच्या वाटेवर, काळबादेवी येईतो माझे ठरले. त्यात पाप असेल तर ते लहान होते. मी मनूला काही बजावले नाही. बापाने मुलीला खोटे बोलायला शिकवू नये एवढी लाज होती. आणि खरे सांगायचे तर, ती मधे बोलेल हे सुचलेच नाही.

आत्या ओटीवर बसून वाळत घातलेली आमसुले उलथीत होती. मी चपला काढल्या, पाणी प्यालो आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, "आत्ये, त्या दिवशी तू ऐकलंस ना, ते घळीचंच होतं. सप्तमीला, पाचच्या सुमाराला भरती असते. आम्ही आत्ताच ऐकून आलो. वाजते."

आत्याचा हात थांबला नाही. दोन-तीन आमसुले उलथून झाल्यावर ती म्हणाली, "वाजली?"

"वाजली की."

मग तिने माझ्याकडे नाही, मनूकडे पाहिले. मनू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती, की मी ओटीवरचे दुसरे काहीतरी पाहू लागलो.

"पाणी कुठवर होतं गं?" आत्याने विचारले.

मनू क्षणभर थांबली. "आमचे पायपण भिजले नाहीत, आत्याआजी."

"हां. भांगाचं पाणी." आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्यही नव्हते. "त्या दिवशीही माझा परकर कोरडा होता. घरी गेले तेव्हा आईने बघितलाच नाही, नाहीतर तिला कळलं असतं."

मी काहीतरी बोलू लागलो. तिने हातानेच मला थांबवले.

"चांगलं सांगायला गेलास रे मेल्या. तुझ्या बापानेही एकदा हेच सांगितलं होतं मला. तो तर घळीत गेलाही नव्हता."

मग तिने मनूला जवळ बोलावले. आमसुलांनी जांभळा झालेला हात तिच्या फ्रॉकला लागू नये म्हणून मनगटानेच तिच्या डोक्यावरचे केस मागे सारले.

"खरं बोललीस. आता बाबा रागावला तर मला सांग."

"बाबा नाही रागावत," मनू म्हणाली.

"बघू," आत्या म्हणाली, आणि मला आत जाऊन गॅसवरचे दूध पाहायला सांगितले. ते उतू गेले होते.